पीक व पाणी व्यवस्थापनात उपग्रह छायाचित्रे आणि ओलावा मापक : काय दिसते, काय दिसत नाही



गेल्या काही वर्षांत कृषि प्रदर्शनांतून आणि तालुक्याच्या गावच्या दुकानांतून एक नवा माल दिसू लागला आहे. मोबाईलवर आपल्या गटाचा हिरवा, पिवळा, लाल नकाशा दाखविणारी सेवा, मातीत पुरावयाचा ओलावा मापक, पिकावरून फिरणारा कॅमेऱ्याचा ड्रोन अशी ही साधने आहेत. विक्रेता सांगतो की, आता शेतात फेरी मारायची गरज नाही. शेजारी सांगतो की, हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. साधन कशावर चालते हे समजले, तर त्याचा उपयोग कोठपर्यंत आणि फसगत कोठून सुरू होते हे आपले आपल्याला ठरविता येते. रब्बी किंवा उन्हाळी हंगामात विहिरीत दोन-तीन पाळ्यांचेच पाणी शिल्लक असते, तेव्हा एक पाळी चुकीच्या दिवशी देणे परवडत नाही. म्हणून या साधनांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

१. पान प्रकाशाचे काय करते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारे रंग असतात, तसेच तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरणही असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. हिरव्या पानातील हरितद्रव्य अन्न तयार करण्यासाठी तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. हिरवा प्रकाश त्यामानाने कमी शोषला जात असल्याने पान हिरवे दिसते. अवरक्त किरण मात्र पानाला उपयोगी नसतात. पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांमुळे त्यांतील बराच भाग परत फेकला जातो. म्हणजे निरोगी पान तांबड्या प्रकाशात काळपट आणि अवरक्त प्रकाशात चकचकीत दिसते. पान आजारी पडले, पिवळे पडले किंवा वाळू लागले की तांबडा प्रकाश जास्त परत येतो आणि अवरक्त कमी होतो.

या दोहोंतील फरकावरून जो आकडा काढतात त्याला वनस्पती निर्देशांक किंवा एनडीव्हीआय म्हणतात. हिशेब सोपा आहे. अवरक्तातून तांबडा वजा करावा आणि आलेल्या संख्येला दोहोंच्या बेरजेने भागावे. उदा. चांगल्या पिकावरून ४५ टक्के अवरक्त व ५ टक्के तांबडा प्रकाश परत आला, तर ४० भागिले ५० म्हणजे निर्देशांक ०.८० येतो. त्रासात असलेल्या पिकावरून ३० टक्के व १० टक्के आला, तर २० भागिले ४० म्हणजे ०.५०. उघड्या जमिनीवरून २२ व १८ टक्के आला, तर ०.१०. मोबाईलवरील हिरवे-लाल रंग म्हणजे याच आकड्यांना दिलेले रंग होत.

न दिसणारा प्रकाश असतो याची खात्री घरीही करता येते. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बऱ्याच मोबाईलवर डोळ्यांना न दिसणारा ठिपका पडद्यावर लुकलुकताना दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या चकतीला अवरक्त किरण कळतात. एरवी चित्राचे रंग बिघडू नयेत म्हणून तेथे गाळणी बसविलेली असते. शेतीच्या कॅमेऱ्यात ही गाळणी काढून, हवा तेवढाच प्रकाश आत येईल अशी व्यवस्था केलेली असते.

२. फिल्मपासून उपग्रहापर्यंत

आपल्या देशात या तंत्राची सुरुवातच शेतीपासून झाली. सुमारे १९७० साली प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळमध्ये नारळाच्या मूळकूज रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन करण्यात आली. त्याच सुमारास, १९६९ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉईल व स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी सीसीडी ही चकती शोधून काढली. या शोधासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फिल्म धुण्याची गरज संपली आणि आकाशातून चित्र थेट जमिनीवर पाठविणे सुलभ झाले. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए या उपग्रहात असेच कॅमेरे होते.

३. एका चौकटीत किती गुंठे?

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते. एका चौकटीत जे काही असेल त्या सर्वांचा मिळून एकच रंग येतो. त्यामुळे चौकट केवढी, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. सातबारावरील १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ गुंठा म्हणजे जवळजवळ १०१ चौरस मीटर. या मापात पाहिले तर प्रगती सहज लक्षात येते.

अ) १९७२ साली अमेरिकेने सोडलेला लँडसॅट-१ : चौकट सुमारे ८० मीटर, म्हणजे अंदाजे ६३ गुंठे.
ब) आयआरएस-१ए (१९८८) : एका कॅमेऱ्याची चौकट ७२.५ मीटर म्हणजे सुमारे ५२ गुंठे, दुसऱ्याची ३६.२५ मीटर म्हणजे सुमारे १३ गुंठे.
क) रिसोर्ससॅट-१ (२००३) वरील लिस-४ कॅमेरा : ५.८ मीटर, म्हणजे साधारण पाव ते अर्ध्या गुंठ्याच्या मध्ये.
ड) युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह (पहिला २०१५, दुसरा २०१७) : १० मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर १ गुंठा. दोन उपग्रह मिळून सुमारे ५ दिवसांनी त्याच जागेवर येतात आणि चित्रे विनामूल्य उपलब्ध असतात.

मोबाईलवरील बहुतेक स्वस्त सेवा सेंटिनेल-२ च्याच चित्रांवर चालतात. म्हणून आता आपल्या शेताचा हिशेब करू. ४० मीटर रुंद व ५० मीटर लांब, म्हणजे सुमारे २० गुंठ्यांचे शेत असेल तर त्यात २० चौकटी बसतात. परंतु कडेच्या चौकटीत बांध, बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याचा ऊस किंवा पाणंद येते. कडेची एकेक रांग सोडली तर आतल्या केवळ ६ चौकटी शुद्ध आपल्या पिकाच्या उरतात. वाटणीनंतर १२ मीटर रुंदीची पट्टी वाट्याला आली असेल, तर तिच्यात भरवशाची एकही चौकट मिळणे कठीण. अशा पट्टीसाठी पैसे भरून उपग्रहाचा नकाशा घेण्यात अर्थ नाही. सलग दोन-अडीच एकरांच्या पुढे मात्र तो उपयोगी पडू लागतो.

४. रंगीत नकाशा कसा वाचावा?

१) प्रथम तारीख पाहावी. ढगाळ हवामानात नवे चित्र मिळत नाही आणि काही सेवा जुनेच चित्र दाखवीत राहतात. पंधरा दिवसांपूर्वीच्या चित्रावरून आज खत टाकू नये.

२) आपल्या शेताची तुलना आपल्याच शेताशी करावी. शेजाऱ्याचा वाण, पेरणीची तारीख व रोपांची संख्या वेगळी असते. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी पेरलेल्या आपल्या रानात एक कोपरा सतत मागे का पडतो, हा खरा प्रश्न आहे.

३) एका चित्रावर विसंबू नये. लागोपाठ दोन-तीन चित्रांत तोच भाग मागे दिसला तरच तो खरा मानावा. एकाच तारखेला आपल्यासह शेजारची सर्व शेते एकदम लाल झाली असतील, तर ती विरळ ढगाची, ढगाच्या सावलीची किंवा धुरळ्याची करणी असण्याचा संभव अधिक.

४) हिरवे म्हणजे पीकच असे नाही. उपग्रहाला तण आणि पीक यांतील भेद निर्देशांकावरून कळत नाही. खुरपणी न झालेले सोयाबीन नकाशावर उत्तम दिसू शकते.

५) लाल म्हणजे रोगच असे नाही. पक्व होणारे सोयाबीन, हरभरा व गहू यांचा निर्देशांक नैसर्गिकपणे उतरतो.

६) पीक दाट झाले की निर्देशांकाची वाढ थांबते. मोठ्या उसाची पाने एकमेकांत मिसळल्यावर आकडा ०.८ ते ०.९ च्या आसपास खिळून राहतो आणि चांगला व मध्यम ऊस यांतील फरक कळेनासा होतो. तांबडा व अवरक्त यांच्या सीमेवरील पट्टा वापरून काढलेले निर्देशांक अशा वेळी अधिक उपयोगी पडतात.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, नकाशा जागा दाखवितो, कारण दाखवीत नाही. एकच पिवळा ठिपका नत्राच्या कमतरतेने, पाणी साचल्याने, हुमणीने मुळे खाल्ल्याने, मर रोगाने, चोपण जमिनीने किंवा ठिबकची नळी चोंदल्याने पडू शकतो. नत्र कमी असेल तर युरिया हवा, पाणी साचले असेल तर चर हवा, आणि हुमणी असेल तर यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. म्हणून ठिपका दिसल्यावर त्या जागी जावे, दोन-तीन झाडे मुळासकट उपटून पाहावीत, वीतभर खोल माती उकरून पाहावी आणि मगच खर्च करावा. नकाशामुळे फेरी वाचत नाही. मोठ्या रानात फेरी कोठे मारावयाची, ते कळते.

५. पावसाळ्यात काय?

खरीप हंगामात ऐन गरजेच्या वेळी आकाश ढगांनी भरलेले असते. प्रकाशावर चालणारा कॅमेरा ढगाखालचे पाहू शकत नाही. यावर उपाय म्हणजे रडार. रडारचा उपग्रह स्वतः रेडिओ लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. या लहरी ढगांतून पार जातात आणि रात्रीही काम करतात. भारताने २०१२ साली रिसॅट-१ व १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हे असे उपग्रह सोडले. भारत व अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जातो आणि दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वापरतो.

भाताच्या खाचरात पाणी भरले की लहरी आरशावरून परावर्तित झाल्यासारख्या दुसरीकडे जातात आणि चित्रात खाचर काळे दिसते. पुढे रोपे वाढली की तीच जागा उजळत जाते. यावरून लावणी केव्हा व किती क्षेत्रावर झाली, ते ढगाळ हवेतही समजते. परंतु रडारचे चित्र समजण्यास किचकट असते. ते शेतकऱ्याने स्वतः वाचण्यापेक्षा क्षेत्र मोजणी, पूरग्रस्त भागाची पाहणी व पीक अंदाज यांसाठी शासकीय यंत्रणांच्या अधिक उपयोगाचे आहे. उघड्या आकाशाचे रब्बी व उन्हाळी हंगाम आणि ऊस, फळबागा यांत मात्र साध्या उपग्रह नकाशाचा आपल्याला चांगला उपयोग होतो.

६. मातीतील ओलावा मापक

उपग्रह वरून पाहतो, पण मुळाशी किती ओल आहे हे मातीतच मोजावे लागते. आपण मातीचा लाडू करून वाफसा ओळखतो. ती पद्धत आजही चांगली आहे. उपकरणांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

अ) ताणमापी : पाणी भरलेल्या नळीच्या टोकाला सच्छिद्र मातीचा कप असतो. माती कोरडी होऊ लागली की ती कपातून पाणी ओढते आणि घड्याळावर ताण दिसतो. हे उपकरण सुमारे ८० सेंटीबारपर्यंतच चालते. त्यापुढे नळीत हवा शिरते. हलक्या ते मध्यम जमिनीत ठिबकवरील भाजीपाल्यासाठी ते उत्तम आहे. भारी काळ्या जमिनीत उपकरण थांबल्यानंतरही पिकाला मिळण्याजोगे बरेच पाणी शिल्लक असते.

ब) जिप्समची वडी : वडीत दोन तारा असतात. ओल वाढली की वीज सहज वाहते. किंमत कमी असते, मात्र वडी हळूहळू विरघळते व बदलावी लागते.

क) धारिता मापक : सध्या मोबाईलला जोडलेले बहुतेक मापक या प्रकारचे असतात. विद्युत क्षेत्रात पाण्याचा गुणांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ व हवेचा १ असतो. या मोठ्या फरकामुळे पाण्याचे प्रमाण कळते. मात्र खारवट जमिनीत क्षारांमुळे आकडा फसवा येतो. काळ्या जमिनीला भेग पडून मापकाभोवती हवा शिरली, तर माती आहे त्याहून कोरडी दिसते.

याशिवाय कोईमतूर येथील ऊस प्रजनन संस्थेने रंगीत दिव्यांचा साधा ओलावा दर्शक तयार केला आहे. निळा दिवा मुबलक ओल, हिरवा पुरेशी, नारिंगी कमी आणि लाल फार कमी ओल दाखवितो. आकडे वाचण्याची गरज पडत नाही.

७. आकड्याचा अर्थ जमिनीप्रमाणे लावावा

मापकावर २५ टक्के असा आकडा आला तर पाणी द्यावे की नाही? उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. हलक्या मुरमाड जमिनीत २५ टक्के म्हणजे भरपूर ओल. भारी काळ्या जमिनीत त्याच आकड्याला पीक माना टाकण्याच्या बेतात असते, कारण चिकण माती बरेचसे पाणी स्वतःशी घट्ट धरून ठेवते. म्हणून विक्रेत्याने सर्वांना एकच आकडा सांगितला, तर तो मानू नये. आपल्या जमिनीचा आकडा असा ठरवावा.

भरपूर पाणी दिल्यानंतर किंवा मोठ्या पावसानंतर हलक्या जमिनीत १ ते २ दिवसांनी व भारी जमिनीत ३ ते ४ दिवसांनी आकडा लिहून ठेवावा. ही जमिनीची वरची मर्यादा. पीक दुपारी कोमेजून सायंकाळीही न सावरण्याच्या स्थितीत जो आकडा येतो, ती खालची मर्यादा. पाणी न दिलेल्या एखाद्या कोपऱ्यात ती पाहता येते. बहुतेक पिकांना या दोहोंच्या साधारण मध्यावर पाणी द्यावे. भाजीपाल्याला थोडे आधी द्यावे.

उदा. काळ्या जमिनीत वरची मर्यादा ४० व खालची २२ असेल, तर ३१ च्या सुमारास पाणी द्यावे. ६० सें.मी. खोल मुळांच्या थरात तोवर ५४ मि.मी. पाणी कमी झालेले असते. एक हेक्टरवर १ मि.मी. म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे ही एक पाळी ५ लाख ४० हजार लिटरची झाली. मापकामुळे हंगामात अशी एक अनावश्यक पाळी जरी वाचली, तरी ती दाणे भरण्याच्या वेळी कामी येते. पाण्याबरोबर नत्रही मुळांखाली वाहून जात नाही.

८. मापक बसविताना घ्यावयाची काळजी

१) जमिनीचा प्रकार बदलेल तेथे स्वतंत्र मापक हवा. एकच घ्यावयाचा असल्यास शेताच्या सर्वसाधारण भागात बसवावा. बांधाजवळ, सखल जागी किंवा पाटाच्या तोंडाशी बसवू नये.

२) शक्य असल्यास दोन खोलींवर बसवावा. एक मुळांच्या दाट थरात (१५ ते २० सें.मी.) व दुसरा त्याखाली (४५ सें.मी.). पाणी दिल्यावर खालचा आकडाही प्रत्येक वेळी चढत असेल, तर पाणी मुळांखाली जात आहे असे समजून पाळी कमी करावी.

३) ठिबक असल्यास तोटीपासून १० ते १५ सें.मी. अंतरावर बसवावा. अगदी तोटीखाली नेहमीच ओल दिसते.

४) भोवती त्याच मातीचा पातळ चिखल ओतून पोकळी राहणार नाही असे पाहावे. पहिल्या एक-दोन पाळ्यांचे आकडे गृहीत धरू नयेत.

५) सुरुवातीचा महिनाभर आकड्याबरोबर मातीचा लाडूही करून पाहावा. दोहोंचा मेळ बसला की विश्वास ठेवावा.

९. पीक विमा आणि उपग्रह

ही बाब प्रत्येकाने समजून घ्यावी. केंद्र शासनाने पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला ३० टक्के भार देण्याची पद्धत सुरू केली. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा त्यात समावेश झाला. हा अंदाज एकेका गटाचा नसून अधिसूचित क्षेत्राचा असतो. त्यामुळे आपले एकट्याचे शेत बुडाले तरी क्षेत्राचा अंदाज चांगला येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. योजनेचे नियम व पिके हंगामागणिक बदलतात, म्हणून चालू हंगामाची अधिसूचना कृषि कार्यालयात पाहून घ्यावी. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेवर व बरोबर करावी. नोंदीत कापूस आणि रानात सोयाबीन असेल, तर उपग्रहाचे चित्र आपल्या बाजूने साक्ष देणार नाही. नुकसान झाल्यास ठिकाण व तारीख उमटलेली छायाचित्रे काढून ठेवावीत.

१०. पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) चित्र कोणत्या उपग्रहाचे आणि चौकट किती मीटरची? आपल्या शेतात शुद्ध चौकटी किती येतात?
२) ढगाळ दिवसांत काय दाखविणार? चित्राची तारीख दिसते का?
३) मापक आपल्या प्रकारच्या जमिनीत तपासलेला आहे काय? बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते?
४) वार्षिक शुल्क बंद केल्यावर मापक आकडा दाखवितो, की निकामी होतो?
५) एका हंगामात खर्च निघेल एवढे पाणी, खत किंवा मजुरी वाचणार आहे काय?

लहान क्षेत्र असल्यास सात-आठ शेतकऱ्यांनी गट करून सलग क्षेत्राचा नकाशा व दोन-तीन मापक सामाईक घ्यावेत. ड्रोनचा कॅमेरा काही सेंटिमीटरची चौकट देतो, त्यामुळे अरुंद पट्ट्यांना तो उपयोगी आहे. तो विकत घेण्यापेक्षा गरजेपुरता भाड्याने आणणे बरे. उडविणाऱ्याकडे ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे नोंदणी व परवाना असल्याची खात्री करावी.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी येत्या हंगामात एवढे तरी करावे. एक वही ठेवावी. प्रत्येक पाळीपूर्वी वीतभर खोलीवरील मातीचा लाडू करून तारीख व स्थिती लिहावी आणि रानातील मागे पडणारे भाग कच्च्या नकाशावर दाखवावेत. उद्या मापक किंवा नकाशा आला, तर त्याची खरी परीक्षा याच वहीवरून होईल.